क्लिनिकबाहेरचे पहिले सत्र

स्वमग्न मुलांसोबत ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांचे) काम नुकतेच सुरू करताना सत्रे बाजारात घ्यावीत का, असा प्रश्न आपल्याला पडला, याचा मला आनंद आहे. माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. शांत खोलीत नाणी अचूक मोजणारे मूल वाण्याच्या दुकानातील गोंगाट, वास आणि मागच्या गिऱ्हाइकाची घाई यांपुढे थिजू शकते, कारण एका ठिकाणी आलेले कौशल्य दुसरीकडे आपोआप उतरेलच असे नाही. केवळ शिकवून ते कौशल्य इतरत्रही उतरेल अशी आशा करणे पुरेसे नाही, हे स्टोक्स आणि बेअर या अभ्यासकांनी १९७७ मध्येच मांडले होते.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

- कुटुंब रोज जाते तेच दुकान निवडा. गर्दी नसलेली दुपार बरी.
- एका फेरीत एकच उद्दिष्ट ठेवा, उदाहरणार्थ बिस्किटांचा पुडा स्वतः मागणे.
- दुकानदाराला थोडा वेळ देण्याची आधी विनंती करा. मुलाचे निदान मात्र पालकांच्या संमतीशिवाय कोणालाही सांगू नका.

नवख्यांची सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे मुलाच्या वतीने बोलणे. दुकानदार आपल्याकडे पाहून विचारेल, तरीही थांबा. मूल शब्दाने, चित्रकार्डाने किंवा बोटाने दाखवील, आणि ते उत्तर पूर्ण मानावे. मुलाचे हात कानांवर गेले, तर खरेदी सोडून लगेच बाहेर पडा. संवेदी मूल्यमापनाचे, म्हणजे आवाज, वास, स्पर्श यांना मूल कसा प्रतिसाद देते ते तपासण्याचे, बारकावे पुढे पाहू.