ब्रेक दाबल्यावर लाईट मंद होतो? आधी अर्थिंग बघा

प्रश्न : सर नमस्कार, बाबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, अजून चालू ठेवलीय. यंदाच्या पावसानंतर मागचा डावा लाईट विचित्र वागायला लागलाय, रात्री ब्रेक दाबला की जास्त उजळायचं सोडून उलट मंद होतो आणि डावा इंडिकेटर दिला की लाल लाईटपण त्याच्याबरोबर लपलप करतो. इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलले, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा) बदलला, आता म्हणतो अख्खा कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगखालचा लाईट-इंडिकेटरचा) बदला. हेडलाईटपण पिवळट पडतात, १०० वॅटचे बल्ब टाकू का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : स्विचवर एक रुपया घालू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही जे लिहिलंय ते अर्थिंग गेल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. गाडीत बल्बला प्लस वायरने येतो आणि मायनस बॉडीतून बॅटरीकडे परत जातो, परतीची ही वाट म्हणजेच अर्थिंग, आणि टेललॅम्पमधल्या सगळ्या बल्बना मिळून ती एकच असते. ती गंजून बंद झाली की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा घुसून वाट काढतो, म्हणून एकाचं काम दुसऱ्यावर दिसतं. पुढच्या वेळी ब्रेक दाबून धरा आणि कोणाला तरी पुढचा डावा इंडिकेटर बघायला सांगा, तो बारीक मिणमिणत असेल तर शंकाच नको.

बॅटरीचा मायनस काढा, डिकीतून होल्डर बाहेर घ्या. पितळी पट्टीवर हिरवी-पांढरी पूड धरलेली दिसेल, मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसात हे होतंच. बारीक पॉलिश पेपरने पितळ पिवळं दिसेपर्यंत घासा. मग अर्थची वायर (बहुतेक काळीच असते) बॉडीला जिथे बोल्टने लावलीय तो बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज खरवडा, कोरा पत्रा लागला पाहिजे, घट्ट आवळा आणि वर थोडं ग्रीस लावा. ब्रेकचा बल्ब २१/५ वॅटचा डबल फिलामेंटचा असतो, त्याच्या दोन पिना वरखाली असतात, घाईत उलटा दाबून बसवला तरी गोंधळ होतो, तेही बघून घ्या.

आता हेडलाईट. १०० वॅटचे बल्ब अजिबात टाकू नका, कळकळीने सांगतोय. ५५ वॅटचे दोन लो बीम मिळूनच साधारण ९ अँपियर ओढतात आणि जुन्या गाडीत तो सगळा भार स्विचमधून जात असेल तर दुप्पट वॅटने होल्डर वितळतो, वायर तापते, समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. तुमचे बल्ब कमजोर नाहीत, त्यांच्यापर्यंत व्होल्ट पोचत नाहीयेत. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो.

लॅमिंग्टन रोडला साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा) मिळतो, तो घ्या, डीसी २० वर ठेवा, इंजिन चालू, लाईट चालू. आधी बॅटरीवर बघा, १३.८ ते १४.४ व्होल्ट आलं पाहिजे, नाही आलं तर आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा बेल्ट तपासा. मग हेडलाईटच्या होल्डरवर बघा, कनेक्टर लावलेलाच ठेवून. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. तेव्हा ३० अँपियरचे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा भार स्वतः घेणारे स्विच) लावून घ्या, बॅटरीपासून थेट जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज. स्विच मग फक्त रिले चालवतो, उजेडात पडलेला फरक तुम्हाला पहिल्याच रात्री दिसेल.

आणि फ्यूज उडाला तर त्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी कोणालाही घालू देऊ नका, गाड्या जळतात त्याने.

८०० बनायची २०१४ ला बंद झाली तरी होल्डर, रबर सगळं कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतं. टेललॅम्पमागचं रबर पॅकिंग कडक झालं असेल तर याच वेळी बदला, पाणी तिथूनच शिरलंय. बॅटरीवरचा आणि होल्डरवरचा, दोन्ही आकडे लिहून पाठवा, रिले कुठे बसवायचा ते त्यावरून सांगतो.