चपलेचं वॉशर

गेल्या अंकात मी हैयान वादळानंतरच्या माझ्या गोदामातल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ८ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे हे वादळ फिलिपिन्समध्ये गीवान इथे जमिनीवर आलं आणि पुढच्या काही तासांत लेयते बेटावरचं ताक्लोबान शहर समुद्राखाली गेलं. तिथले लोक या वादळाला ‘योलांडा’ म्हणतात, कारण आपल्या हद्दीत शिरलेल्या वादळाला ते स्वतःचं नाव देतात. अधिकृत मृतांचा आकडा ६,३००, आणि बेपत्ता हजाराच्या वर. मी आधी सेबू बेटावर एका मदतसंस्थेचं गोदाम सांभाळलं, मग ताक्लोबानला गेले. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. मी थप्प्या मोजणारी बाई. त्यामुळे त्या लेखावर तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरंही गोदामाच्या दारातूनच येणार.

*ताई, आमच्या मंडळाने वादळग्रस्तांसाठी चार गोण्या कपडे जमवले आहेत. सगळे धुतलेले, इस्त्री केलेले. परदेशात पाठवायचे तर कुठे द्यावेत? – एक कार्यकर्ता*

कुठेच नाही. रागावू नका, आधी हे ऐका.

वादळाच्या बाराव्या दिवशी सेबूला माझ्यासमोर एक पॅलेट येऊन पडलं. सोबतच्या चलनावर, म्हणजे मालाच्या कागदावर, लिहिलेलं: ‘मदत साहित्य, विविध.’ आमच्या कामात ‘विविध’ ही शिवी आहे. विविध म्हणजे ते उघडावं लागणार, उघडायला चार माणसं लागणार, निवडायला दोन दिवस जाणार आणि तोवर तेवढी जागा अडून राहणार. आत लोकरीचे कोट निघाले. तिथे रात्रीसुद्धा अंगावर बनियन नको वाटतं! एक लग्नाचा सूट. डाव्या पायाचे बूट (उजवे बहुधा दुसऱ्या बेटावर गेले). आणि तळाशी औषधांची पिशवी, अर्ध्या वापरलेल्या पट्ट्यांची. नावं अशा लिपीत की आमच्यात कुणालाच वाचता येईनात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: दान दिलेलं औषध त्या देशात पोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, आणि लेबल तिथल्या डॉक्टरला वाचता येईल अशा भाषेत हवं. ती पिशवी नष्ट करायला परवानगी, सह्या आणि एक अख्खी दुपार गेली. त्याच दुपारी बाहेर उन्हात ताडपत्र्यांचा ट्रक उभा होता. उतरवायला जागा नव्हती.

गोण्या जवळपास ज्यांना गरज आहे त्यांना द्या. वादळग्रस्तांना पैसे पाठवा, आणि तेही ज्या संस्थेची माणसं वादळाच्या आधीपासून तिथे काम करत होती तिला.

*इतकी विमानं उतरताना टीव्हीवर दिसत होती, तरी लोक चार-चार दिवस उपाशी कसे? आणि लूटमार झाली ती? – निवृत्त बँक कर्मचारी*

विमान धावपट्टीवर उतरलं म्हणजे मदत पोचली असं आपण धरून चालतो. ताक्लोबानचा विमानतळ समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. टर्मिनलचा नुसता सांगाडा उरला होता. सुरुवातीला मुख्यतः लष्कराची सी-१३० विमानं येत होती; येताना तांदूळ, जाताना माणसं. पण विमानतळ ते शहर या रस्त्यावर झाडं, विजेचे खांब, पत्रे, उलट्या गाड्या आणि मृतदेह होते. ट्रक हवा, तर ट्रक बुडालेला. डिझेल हवं, तर पंप बंद. चालक हवा, तर तो आपली मुलं शोधत फिरतोय. ज्यांनी वाटप करायचं ते नगरपालिकेचे लोक स्वतःच वादळग्रस्त. जमिनीवरून यायचं तर लुझोन बेटाच्या दक्षिण टोकाला मातनोगला फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं, मग अख्खं सामार बेट पार करून सान हुआनिको पुलावरून लेयतेत उतरायचं. नशीब, तो पूल उभा राहिला.

लुटीचं म्हणाल तर तांदूळ उचलणाऱ्या उपाशी माणसाला मी लुटारू म्हणत नाही. टीव्ही संच उचलणाऱ्याला म्हणते. लेयतेतल्याच आलांगआलांग गावी लोक सरकारी तांदळाच्या गोदामावर चालून गेले, भिंत कोसळली आणि आठ जण गेले. ही बातमी कळली त्या रात्री मी उठून माझ्या गोदामाच्या भिंतींना हात लावून पाहत फिरले. त्याचा काय उपयोग होता ते मला आजही सांगता येणार नाही.

*वादळ येतंय हे दोन-तीन दिवस आधी माहीत होतं ना? मग लोक किनाऱ्यावर थांबलेच कसे? – एक वाचक*

वारा येतोय हे माहीत होतं. लोकांनी वाऱ्याची तयारी केली, पत्र्यांवर वजनं ठेवली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ असा इंग्रजी शब्द होता. म्हणजे वादळाने फुगलेला समुद्र जमिनीवर चढून येणं. तो शब्द अनेकांना कळलाच नाही. समुद्र पाच-सहा मीटर चढून आत आला. काही लोक तर निवारा म्हणून ठरवून दिलेल्या इमारतींमध्येच बुडाले. ‘त्सुनामी म्हणाले असते तर आम्ही डोंगरावर पळालो असतो,’ हे वाक्य एका आजीने मला सांगितलं, आणि नंतर ते मी इतक्या तोंडून ऐकलं की मोजणं सोडलं. आपल्याकडेही ‘वादळी लाटा’ असं छापतात, तेव्हा मला धडकी भरते. लाट येते आणि जाते. हे तर समुद्राचं घरात राहायला येणं होतं.

*रोख पैसे वाटले तर लोक दारूत उडवतील असं नाही वाटत? – एक वाचक*

मला एवढंच वाटतं की ज्याच्या घरावर छप्पर नाही त्याला आधी काय लागतं ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. ताक्लोबानमध्ये तैवानच्या त्झू ची या बौद्ध संस्थेने लोकांना आपापल्या गल्ल्या साफ करण्यासाठी रोज ५०० पेसो दिले. किमान मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. माझे काही सहकारी कुरकुरले, की याने मजुरीचा भाव बिघडेल, आमच्याकडे माणसं येणार नाहीत. नाही आली. त्यांच्या गल्ल्या मात्र आमच्याआधी मोकळ्या झाल्या. हातात पैसा आला तशी फुटपाथवर मेणबत्त्या, दोरी, सुके मासे, कोळसा विकणाऱ्या बायका दिसू लागल्या. एक खरं की पैसा द्यायला बाजारात माल लागतो. सेबूहून बोटी सुरू नसत्या तर त्या नोटा घेऊन कुणी काय केलं असतं?

*मदतसंस्था ताडपत्र्या वाटून फोटो काढतात. घरं का नाही बांधून देत? – स्थापत्य अभियंता*

फोटोंबद्दल तुमचं बरोबर आहे. घरांबद्दल जरा बसून बोलू, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

मोडलेली आणि पडझड झालेली घरं मिळून आकडा ११ लाखांच्या आसपास होता. इतकी घरं कुणीही बाहेरून येऊन बांधत नाही. ती लोकच बांधतात, आणि वाट न पाहता बांधतात. सहाव्या-सातव्या दिवसापासून ठोकाठोकीचे आवाज सुरू होतात. चार बाय सहा मीटरची ताडपत्री असते फक्त मधल्या काळासाठी. उन्हात काही महिन्यांत तिच्या चिंध्या होतात. तेवढ्यात पत्रा, लाकूड आणि खिळे हातात पडायला हवेत.

लाकडाची गंमत ऐका. या भागात नारळाशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. सुमारे ३ कोटी ३० लाख झाडं पडली किंवा निकामी झाली. म्हणजे लाकूड दारात आडवं पडलेलं. पण ते कापायला चेनसॉ लागते, आणि फिलिपिन्समध्ये २००२ च्या कायद्याने चेनसॉ बाळगायला परवाना लागतो. जंगलतोड थांबवायला केलेला चांगला कायदा! वादळानंतर मात्र परवाना येईपर्यंत करवती खोक्यात आणि झाडं चिखलात. ती फार दिवस ठेवताही येत नाहीत. कुजणाऱ्या बुंध्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तो भुंगा उरलेल्या उभ्या नारळांच्या जिवावर उठतो. नवी रोपं लावली तरी फळ धरायला सहा ते आठ वर्षं. ज्याची पंचवीस झाडं गेली त्याचं घर गेलं ते गेलंच, पुढच्या सहा वर्षांचा पगारही गेला.

कापणी सुरू झाली तेव्हा आमच्या गावठाणातल्या एका सुताराने मला शिकवलं की नारळाच्या बुंध्यात बाहेरची फळी घ्यायची. तिथे लाकूड टणक असतं, गाभा भुसभुशीत. त्याने दोन तुकडे हातात दिले आणि नख रुतवायला सांगितलं. बाहेरच्यात नख वाकलं, आतल्यात सरळ शिरलं. आणि बाहेरचं लाकूड पातं इतक्या लवकर बोथट करतं की करवतीमागे एक कानस पाठवावी लागते. आमच्या यादीत कानस नव्हती. यादी कुणी केली होती? मी.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. पत्रे आले, खिळे आले, मी ट्रक सोडून दिला. दोन दिवसांनी त्याच गावात गेले तर सुतार एका पत्र्याशेजारी उकिडवा बसलेला, मांडीवर एक जुनी रबरी चप्पल. चपलेच्या तळव्यातून तो नाण्याएवढ्या गोल चकत्या कापत होता, मधोमध खिळ्याने भोक पाडत होता आणि एकेक चकती खिळ्यात ओवून शेजारच्या डब्यात टाकत होता. मी पाठवलेले खिळे साधे होते. पत्र्याला टोपीचा खिळा लागतो, खाली वॉशर, म्हणजे गोल चकती, असलेला. नाहीतर भोकातून पाणी झिरपतं, आणि जोराचा वारा आला की पत्रा खिळ्याच्या डोक्यावरून निसटून उडतो. उडालेला पत्रा काय करतो हे त्या गावाला सांगायची गरज नव्हती. सुतार काही बोलला नाही. डबा पुढे करून त्याने मला एक चकती दाखवली, निळी. दुसरी चप्पल कुठे होती कुणास ठाऊक, पुरात एकच सापडली होती. त्या दिवसापासून मी ‘खिळे’ असं नुसतं लिहिलेलं चलन मंजूर करत नाही.

तुम्ही अभियंता आहात म्हणून आणखी एक. सरकारने किनाऱ्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी जाहीर केली. कागदावर शहाणपणाचं. पण मच्छीमार होडीपासून किती लांब झोपू शकतो? लोक तिथेच परत बांधत होते, आणि बंदीच्या पट्ट्यात पत्रे द्यायचे की नाही यावर संस्थांच्या बैठकांमागून बैठका चालू होत्या. माझं मत विचाराल तर द्यायला हवे होते.

*मदतीला युद्धनौका कशाला? शक्तिप्रदर्शनच ना? – एक वाचक*

प्रदर्शन असतंच. पण हेलिकॉप्टरं, समुद्राच्या पाण्याचं पिण्याचं पाणी करायची सोय आणि शिस्तीतले शेकडो हात एका जागी दुसरीकडे कुठे मिळतात? अमेरिकेची ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ आठवड्याच्या आत आली, मागून ब्रिटनची ‘इलस्ट्रियस’. मार्च २०१९ मध्ये इदाई वादळानंतर मोझांबिकच्या बेईरा बंदरात अगदी सुरुवातीला पोचलेल्यांत आपल्या नौदलाची ‘सुजाता’, ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाची ‘सारथी’ होती. यजमान देशाने दार उघडलं तरच हे सगळं. मे २००८ मध्ये नर्गिसने म्यानमारच्या इरावती खोऱ्यात लाखावर माणसं नेली. ‘राणा’ आणि ‘किरपाण’ ही आपली जहाजं यांगूनला माल उतरवू शकली, अमेरिकेची मात्र काही आठवडे समुद्रात थांबून परत गेली.

*तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर तरी पाठवू ना? – एक आजी*

आजी, नको. पावडर कालवायला स्वच्छ पाणी आणि बाटली उकळायला चूल लागते. ती असती तर मदतीची वेळच आली नसती. आईचं दूध तुटतं आणि बाळ हगवणीने जातं. फिलिपिन्समध्ये तर १९८६ पासूनच अशा पावडरीवर कडक कायदा आहे. त्या आईला खायला द्या, बाळाचं ती बघेल.

*मला या क्षेत्रात यायचं आहे. कोणता कोर्स करू? – विद्यार्थिनी, तृतीय वर्ष*

कोर्स पुष्कळ निघालेत, कुठलाही कर. त्याआधी हे गणित कागदाशिवाय सुटतं का बघ. ५,००० माणसांची छावणी. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, नळामागे २५० माणसं, संडासामागे २०. तर ७५,००० लिटर, २० नळ, २५० संडास. टँकर १०,००० लिटरचा, म्हणजे आठ खेपा. रस्ता असा की एका टँकरच्या दिवसात तीनच खेपा होतात. आता सांग टँकर किती मागवशील? तीन म्हणालीस तर पुन्हा विचार कर, कारण त्यातला एक बंद पडणार आहे.

आणि जिथे जाशील तिथली भाषा पहिल्या दिवशी विचार. ताक्लोबानला लोक वाराय बोलतात. मी शिकलेला पहिला शब्द ‘तुबिग’, म्हणजे पाणी. दुसरा ‘पिरा’, म्हणजे किती. महिनाभर मी या दोनांवर काढला. वॉशरला काय म्हणतात ते विचारायचं राहिलं.