बारशाला ठेवलेलं नाव नको वाटतंय, पण आत्याला कसं सांगायचं?

देगलूर तालुक्यातलं जोडपं आमच्याकडे सल्ल्याला आलं, लेक सव्वा महिन्याची. बाळंतपण उदगीरला माहेरी झालं, बारसंही तिथंच बाराव्या दिवशी. नक्षत्र उत्तराभाद्रपदा, चरण तिसरं, म्हणून अक्षर निघालं झ. झ वरून मुलींची नावं मिळता मिळेनात. शेवटी आत्यानं मोबाइलवर शोधून 'झारा' काढलं. अर्थ दिला होता 'राजकन्या'. कानात कुर्रर्र झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि आजेसासू म्हणाल्या, "झारा? बुंदी पाडायचा?" जमलेल्या बायका खो खो हसल्या.

तेव्हापासून आईच्या जिवाला घोर. "आत्ताच सगळे हसायलेत, उद्या शाळेत पोरं काय म्हणतील? बदलावं तर नणंदबाई रुसतील. आणि ठेवलेलं नाव बदललं की लेकराला बाधतं म्हणतात, ते खरं का?" नवऱ्याचं म्हणणं एवढंच, की नावात काय आहे, चालू द्या.

नावाकडे वळण्याआधी आईची स्वतःची झोप आणि रडणं विचारलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उगीच रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही रडू थांबत नसेल, बाळ झोपलं तरी डोळ्याला डोळा लागत नसेल, बाळाला घ्यावंसंच वाटत नसेल, तर नावाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे. हिचं तसं नव्हतं. जेवण नीट, झोप बाळाच्या मानानं ठीक, बाळाशी गप्पा चालू. खटकत होतं ते नावच.

मग नाव तपासलं. अरबीत 'झहरा' म्हणजे तेजस्वी, आणि झाराचा संबंध त्या नावाशी जोडतात. 'राजकन्या' हा अर्थ नावांच्या याद्यांमध्ये एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलेला असतो. तिथं निम्म्या मुलींचा अर्थ राजकन्या आणि उरलेल्यांचा लक्ष्मी! अशा यादीवर विसंबू नये. शब्द मराठी-संस्कृत वाटत असेल तर मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्या कोशात बघावा. उर्दू-अरबी असेल तर ती भाषा घरात बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारावं.

पण कोशात वाईट अर्थ सापडला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. 'अजा' म्हणजे शेळी, हे वर्गातल्या किती पोरांना ठाऊक असतं? अडचण होते ती मुलाच्या आसपास रोज कानावर पडणाऱ्या शब्दाची. झारा आपल्याकडे घरोघर, दिवाळीत तर दिवसभर हातात. हाच शब्द शहरातल्या एखाद्या इंग्रजी शाळेत कुणाला खटकला नसता. देगलूरकडच्या गावात तो चिकटणार, ही आईची भीती रास्त होती, आणि ते तिला तसं स्पष्ट सांगितलं.

या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंगा-उमरग्याकडे कन्नड, आणि जवळपास सगळ्या मराठवाड्यात दखनी-हिंदी. लाडानं गुड्डी म्हणाल, तर तेलुगूत गुड्डी म्हणजे आंधळी. गुड्डू म्हणजे अंडं. अश्विनीच्या पहिल्या चरणाला 'चू' अक्षर येतं. त्यावरून हट्टानं ठेवलेलं नाव हिंदी बोलणाऱ्या पोरांच्या तोंडी पहिल्याच अक्षरावर अडकतं आणि पुढं शिवीच होते. म्हणून ठरलेलं नाव त्या त्या भाषेच्या एकेका माणसासमोर मोठ्यानं म्हणायचं आणि चेहरा बघायचा. हसू दाबलं की विचारायचं, काय झालं.

घरच्या घरी करायच्या चाचण्या सोप्या आहेत. नाव अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक मारून बघायची, शेवटचं अक्षर लांबवून. मग त्याचं मोडून-तोडून रूप करायचं, कारण पोरं ते करणारच: मुलाला 'या' लावून, मुलीला 'ए' लावून, पहिलं अक्षर तेवढं ठेवून. पहिलं अक्षर 'शी' किंवा 'शू' असेल तर बालवाडीत काय होईल ते सांगायला नको. मग इंग्रजी स्पेलिंग. हर्षितची शेवटची चार अक्षरं वेगळी वाचली तर भलताच शब्द निघतो. तरी हर्षित नावाची पुष्कळ मुलं मजेत शिकतात, त्यामुळे हे कारण आम्ही हलकंच धरतो. आद्याक्षरं मात्र बघावीत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांचं नाव महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव असं लिहायचं आहे, म्हणजे अक्षरं चार झाली, आणि चारांतून शब्द तयार व्हायला वेळ लागत नाही.

आता राशीचं. सासऱ्यांचा आग्रह झ चाच होता. त्यांना विचारलं, लेक पाच-सहा तास उशिरा जन्मली असती तर चौथं चरण लागलं असतं आणि अक्षर आलं असतं ञ. ञ वरून काय ठेवलं असतं? ते हसले. आर्द्रेला ङ येतो, हस्ताला ण. तिथं सगळेच राशीतलं दुसरं अक्षर घेतात. मीन राशीला दी, दू, थ, झ, ञ, दे, दो, चा, ची एवढी अक्षरं आहेत. शिवाय धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं सांगितली आहेत. नक्षत्राचं नाव पत्रिकेत राहतं, हाक मारायचं वेगळं असतं. बाधण्याची भीती या एका माहितीनं निम्म्यावर आली, कारण काही मोडायचंच नव्हतं.

राहिली आत्या. इथं बहुतेक घरं चुकतात: नाव गुपचूप बदलतात आणि आत्याला ते दाखल्यावर कळतं. मग नावापेक्षा अपमान मोठा होतो. शिवाय हे बोलणं सुनेकडे सोपवू नये. बहिणीशी भावानं बोलावं, एकट्यानं, आणि आजेसासूंचा विनोद मध्ये न आणता. नवऱ्याला वाक्य असं सुचवलं: "आक्का, पाळण्यातलं नाव तू ठेवलंस ते पत्रिकेत राहील. कागदावरचंही तूच ठेव, पण झारा म्हटलं की लोक कढईवर जातात." आधीच पसंत केलेलं नाव तिच्यापुढे सरकवू नका, हेही बजावलं. आक्का दोन दिवस फुगून बसली, मग फोनवर दोन नावं सांगितली: देवयानी आणि झेलम. झ राहिला म्हणून सासरे खूश, झेलम ठरलं. हाक मारून बघितली, तेलुगू बोलणाऱ्या शेजारणीला ऐकवलं, कुणी हसलं नाही.

हे सगळं सहज जमलं, कारण दाखल्यावर अजून नाव चढलं नव्हतं. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. सुट्टी देताना दवाखान्यात नाव विचारलं की घाईनं काहीतरी सांगू नका. बारसं होऊ द्या, महिनाभर हाक मारा, मग नोंद जिथं झाली त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा सरकारी दवाखान्यात अर्ज द्या. देताना मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतः कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. बाल आधार त्यानंतर काढा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचूनच तो घरी न्यावा.

नाव चढून गेलं असेल तर निव्वळ आवडत नाही म्हणून जन्मनोंदीत बदलून मिळत नाही. लिहिण्यातली चूक असेल तरच दुरुस्ती होते. पुढचा रस्ता राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा आणि मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे अर्ज करण्याचा. तो दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आधी संपवावा, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव गेलं की त्या नावामागे पुढचे सगळे कागद लागतात.