शेक्सपिअर मुळातून वाचलाय, मग ओल्ड इंग्लिश जमेल का? एम.ए.आधी तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.ला शेक्सपिअर मुळातून झालाय, इंग्लंडमधल्या एम.ए.त ओल्ड इंग्लिशचा पेपर घेतलाय आणि हातात चार महिने आहेत. जमेल, पण शेक्सपिअरच्या भरवशावर नाही. त्याची इंग्रजी म्हणजे आजच्याच भाषेचं जुनं रूप. ओल्ड इंग्लिश साधारण ११०० पर्यंतची, तिला विभक्ती आहेत, तीन लिंगं आहेत. ती वेगळी भाषा म्हणूनच शिकायला घ्या. 'बेओवुल्फ' या ओल्ड इंग्लिशमधल्या दीर्घ काव्याचं भाषांतर वाचून गोष्ट कळेल, पण अनोळखी उतारा समोर आला की त्याचा काही उपयोग नाही.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, तो इंग्रजांना नाही. नामाला लिंग असतं आणि ते अर्थावरून ठरत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'वीफ' म्हणजे बाई, पण शब्द नपुंसकलिंगी. 'वीफमन' म्हणजेही बाईच, आणि तो चक्क पुल्लिंगी! प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी या शाळेतल्या चौकटीत बहुतेक रूपं बसतात. पहिले तीन आठवडे फक्त दर्शक सर्वनाम आणि 'मी-तू-तो'ची रूपं घोका. 'से' कर्ता, 'थोने' कर्म, 'थॅस' षष्ठी, 'थॅम' चतुर्थी, ही झाली पुल्लिंगी एकवचनी. नामाचा प्रत्यय अनेकदा संदिग्ध असतो, पण त्याच्या आधीचं हे सर्वनाम कर्ता कोण ते सांगून टाकतं. शब्दक्रमावर विसंबलात तर कोणी कोणाला मारलं हेच उलटं होऊन बसेल.

सगळ्यात जास्त चुका 'था' या एका शब्दावर होतात. तो स्त्रीलिंगी एकवचनाची द्वितीया असू शकतो, अनेकवचनाची प्रथमा किंवा द्वितीया असू शकतो, शिवाय 'तेव्हा' आणि 'जेव्हा' हे दोन्ही अर्थ. गद्यात एक खूण बरीच कामी येते: 'था'च्या लगेच पुढे क्रियापद आलं तर 'तेव्हा', क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं तर 'जेव्हा'. आपल्या जेव्हा-तेव्हाच्या जोडवाक्यांसारखीच ही जोडी असते. पद्यात मात्र या खुणेवर भरवसा ठेवू नका.

क्रियापदांत सबळ क्रियापदांचे, म्हणजे भूतकाळात आतला स्वर बदलणाऱ्यांचे, सात वर्ग आहेत. प्रत्येकाची चार रूपं पाठ हवीत: सिंगन, सांग, सुंगोन, सुंगेन. भूतकाळात एकवचनाचा आणि अनेकवचनाचा स्वर वेगळा असतो, हे लक्षात नसलं की शब्दकोशात शब्दच सापडत नाही. शब्द न सापडण्याचं आणखी एक कारण म्हणजे 'ये-' हा उपसर्ग. बऱ्याच पाठ्यपुस्तकांच्या शब्दसूचीत तो सोडून पुढच्या अक्षराखाली शब्द लावलेला असतो. बॉसवर्थ-टोलर हा मोठा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, पण सुरुवातीला पुस्तकाच्या मागची शब्दसूचीच वापरा. मोठ्या कोशात एका शब्दाचे वीस अर्थ बघून माणूस गांगरतो.

उच्चारांवर दोन दिवस पुरेत. थॉर्न (þ) आणि एथ (ð) ही दोन अक्षरं एकमेकांच्या जागी येतात, त्यांत फरक शोधत बसू नका. दोन्हींचा उच्चार आपला 'थ' नाही. जीभ दातांत धरून वारा सोडायचा. वर मी 'थ' लिहिलाय तो नाइलाजाने. 'वाय' या अक्षरासाठी ओठ 'उ'चे आणि जीभ 'ई'ची.

वाचनाचा क्रम: आधी बायबलच्या भाषांतरातलं सोपं गद्य, रोज दहा-बारा ओळी, प्रत्येक शब्दाची विभक्ती वहीत लिहून. मग अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या सालवार बखरीतली ७५५ सालाखालची क्युनेवुल्फ आणि क्युनेहार्डची नोंद. ती छोटी आहे पण 'तो' आणि 'ते' नेमके कोण याचा इतका घोळ आहे की सर्वनामं पक्की झाली की नाही ते तिथेच कळतं. त्यानंतर 'द वाँडरर' (११५ ओळी) किंवा 'ड्रीम ऑफ द रूड' (१५६ ओळी) यांपैकी एक कविता. ३१८२ ओळींचा 'बेओवुल्फ' शेवटी, तोही तुकड्यांत.

ओळखीचे वाटणारे शब्द जास्त फसवतात. 'सेल्लान' म्हणजे विकणं नव्हे, देणं. 'देओर' म्हणजे हरीणच असं नाही, कुठलंही जनावर. 'मोद' म्हणजे मन, 'दोम' म्हणजे निवाडा किंवा कीर्ती. सामासिक शब्द मात्र आपल्याला लगेच आवडतील: 'बानहूस', हाडांचं घर, म्हणजे देह.

वृत्तात यमक नाही, आद्याक्षरांचा अनुप्रास आहे. ओळीचे दोन अर्धे, प्रत्येकात दोन आघात. तिसऱ्या आघाताचं अक्षर बघा. पहिल्या अर्ध्यात निदान एका आघाताशी ते जुळलंच पाहिजे, चौथा आघात जुळवायचा नसतो. 'बेओवुल्फ'च्या पहिल्याच ओळीत 'गारदेना' आणि 'येआरदागुम' यांची जोडी आहे. कानाला 'ग' आणि 'य' वेगळे लागतात, पण दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात आणि कवी त्यांना एकच धरतात. म्हणून नुसतं कानाने ऐकून अनुप्रास ठरवू नका, लिपीही बघा.