नन, ननंद आणि ऋग्वेदातली आई

प्रश्न नाशिकच्याच एका ताईंचा आहे. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या ननांवर त्या कादंबरी लिहीत आहेत, काळ सतराव्या शतकाचा. 'नन'ला जोगीण म्हणू, भिक्षुणी म्हणू की साध्वी, आणि त्यांच्या वास्तूला कॉन्व्हेंट म्हटलं तर चालेल का, असं त्या विचारतात.

कॉन्व्हेंटचं आधी उरकतो, कारण त्या शब्दाने डोकं उठतं. आमच्या नाशकात पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी उघडली की पाटीवर आजोबांचं नाव आणि पुढे 'कॉन्व्हेंट'. आत नन सोडाच, मेणबत्तीसुद्धा सापडायची नाही. लॅटिन 'कॉन्व्हेंतुस' म्हणजे एकत्र येणं, मेळा. त्यावरून व्रतस्थांचा समुदाय आणि मग त्यांचं राहतं घर. इंग्रजी माध्यमाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मराठी वाचकाला कॉन्व्हेंट म्हटलं की टाय लावलेली पोरं दिसणार, तेव्हा सरळ मठ लिहा. जोगीण नकोच, तिच्यामागून यल्लम्माचा जग, म्हणजे डोक्यावर घ्यायची देवीची टोपली, येतो. साध्वी आमच्याकडे जैनांची आणि कुंभमेळ्याची, भिक्षुणी बौद्धांची.

आता 'नन'. उशिराच्या लॅटिनमध्ये 'नोन्ना' हे वडीलधाऱ्या बाईला हाक मारायचं आदराचं नाव. ख्रिस्ती संत जेरोमच्या इ.स. 384च्या एका पत्रात व्रतस्थ बायकांसाठी ते येतं. संत बेनेडिक्टने मठांसाठी केलेल्या नियमावलीत धाकट्या संन्याशांनी थोरल्यांना 'नोन्नुस' म्हणावं असं सांगितलं आहे. इटलीत नोन्ना म्हणजे आजही आजी. म्हणजे मुळात ही पदवी नव्हे, घरातली हाक आहे. कुंभात संन्यासिनीला 'माई' म्हणतात ना, तीच तऱ्हा.

आणि ही हाक आपल्याकडे ऋग्वेदात आहे! नवव्या मंडलातलं 112वं सूक्त काढा: 'कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना'. मी कवी, बाबा वैद्य, आई जात्यावर दळणारी. 'तत' म्हणजे बाबा, 'नना' म्हणजे आई. वेदातल्या शब्दांचा उलगडा करणारा प्राचीन पंडित यास्क आपल्या 'निरुक्त' ग्रंथात 'नना'ची व्युत्पत्ती 'नम्' धातूपासून लावतो, वाकणारी ती नना, आणि अर्थ आई किंवा मुलगी, कोणताही घ्या म्हणतो. यास्काचा मान ठेवून सांगतो, हे ओढूनताणून आहे. तान्ह्या पोराच्या तोंडातून पहिल्यांदा निघतं ते मामा, बाबा, नाना, ताता. तिथे धातू शोधणं म्हणजे पाळण्यात व्याकरण शिकवणं. लॅटिन शब्द वेदातून गेला असंही कुणी लगेच फॉरवर्ड करू नका. पोरं सगळीकडे सारखीच बोबडी बोलतात, एवढाच याचा अर्थ.

माझं पुढचं म्हणणं पंडितांना पटत नाही, तरी सांगतो. 'ननान्दृ', म्हणजे आपली ननंद, हीदेखील याच 'नना'ची. वैयाकरण 'न नन्दति', म्हणजे काही केल्या खूश होत नाही ती, अशी फोड करतात. ती फोड कुण्या त्रासलेल्या भावजयीच्या नवऱ्याने केली असावी. दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात नव्या सुनेला सासू, सासरा, दीर यांच्याबरोबर 'ननान्दरि सम्राज्ञी भव' असा आशीर्वाद आहे. मातृ, दुहितृ, यातृ या नात्यांच्या शब्दांच्या ओळीत ननान्दृ बसते, शेवट एकच. मधल्या 'न्द'चं काय, असं कुणी विचारेल. विचारू दे.

भिक्षुणी शब्दावर ताईंचा जीव असेल तर त्याहून गोड एक देतो. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यात एका लेण्याचं नि पोढीचं, म्हणजे पाण्याच्या टाक्याचं, दान कोरलेलं आहे. दान देणारी 'पावयितिका' पदुमनिका, आणि तिची आई नागनिका, तीही 'पावयितिका'. पावयितिका म्हणजे प्रव्रजितिका, घर सोडून निघालेली. मायलेकी दोघी संन्यासिनी! यावर कादंबरी कुणी लिहीत नाही.

असो, गोवा. सांता मोनिकाची स्थापना 1606ची, ऑगस्टिनी पंथाची. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने 1563 मध्ये ननांची बंदिस्ती कडक केली होती, त्यामुळे ताईंची नायिका मांडवीच्या काठाने फिरायला जाऊ शकत नाही. भेटायला येणारा जाळीपलीकडून बोलणार, वस्तू आतबाहेर जाणार त्या भिंतीतल्या फिरत्या कपाटातून. पोर्तुगीजमध्ये त्याला 'रोदा' म्हणजे चाक म्हणतात. शाळा-दवाखाने चालवत गावभर फिरणाऱ्या आजच्या सिस्टर वेगळ्या, त्यांना नायिकेचं माप लावू नका. आणि या मठात 'नन' म्हणणारं कुणीच नव्हतं, तो इंग्रजीतून आपल्याकडे आलेला शब्द. पोर्तुगीज 'फ्रैरा' म्हणतात. गोव्याच्या कोंकणीत आजही ननला 'मादर' म्हणतात, पोर्तुगीज 'माद्रे'वरून. संवादांत मादर घाला, निवेदनात आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचा धर्मभगिनी चालेल.