झाकणाखालचा विस्तव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात सिरॅमिकच्या ग्रिलवर कोळशाच्या मंद आचेने मटण शिजवण्याविषयी आणि त्याला लाकडाची धुरी देण्याविषयी एक टिपण दिले होते. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांतील तक्रार एकच आहे, म्हणून तिला जास्त जागा दिली आहे. इतर प्रश्नांची उत्तरे गरजेपुरतीच आहेत. ज्यांच्या वाचनात ते टिपण आले नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ही ग्रिल म्हणजे अंड्याच्या आकाराची, जाड भिंतीची आणि घट्ट बसणाऱ्या झाकणाची शेगडी असून तिच्या तळाशी हवा आत घेणारी एक झडप आणि झाकणाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी दुसरी झडप असते.

प्रश्न : आम्ही बोकडाचा अख्खा फरा पाच तास धुरावला. तो बाहेरून काळाकुट्ट झाला, चवीला कडवट लागला आणि खाताना जीभ बधिर झाल्यासारखी वाटली. बाभळीची सात-आठ ढलपी रात्रभर पाण्यात भिजवून घातली होती आणि आच वाढू नये म्हणून दोन्ही झडपा जवळजवळ बंद ठेवल्या होत्या. काय चुकले? – एक वाचक, सांगली

लाकूड जास्त झाले, ते ओले होते आणि त्याला हवा मिळाली नाही. या तिन्ही चुका एकाच समजुतीतून होतात, ती म्हणजे धूर जितका दाट तितकी चव चांगली. ही समजूत आपल्याकडे बहुधा धुंगारातून आली असावी. मटणाच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात निखारा टाकायचा, त्यावर तूप सोडायचे आणि पाच मिनिटे झाकण ठेवायचे, हा प्रकार घरोघरी माहीत आहे. तिथे धूर दाटच हवा असतो, कारण त्याला पाचच मिनिटे मिळतात. तोच दाट धूर पाच तास कोंडला, तर मांसावर सुगंधाऐवजी डांबरासारखा थर बसतो.

लाकडातील लिग्निन हा घटक तापून फुटला की ग्वायकोल आणि सिरिंगोल ही द्रव्ये तयार होतात, आणि आपण ज्याला धुराचा खमंग वास म्हणतो तो मुख्यतः त्यांचा असतो. मात्र लाकूड हवेअभावी नुसतेच घुसमटत राहिले, तर अर्धवट जळालेले चिकट कण धुरात मिसळतात, आणि तुमच्या जिभेला जे जाणवले ते त्यांचेच काम. भिजवलेल्या लाकडाने यात भरच पडते, कारण त्यातील पाणी आटेपर्यंत ते पुरेसे तापत नाही. तोवर जो पांढरा लोट निघतो त्यात वाफ बरीच आणि चव थोडी असते.

सिरॅमिकच्या ग्रिलमध्ये ही चूक पत्र्याच्या साध्या शेगडीपेक्षा लवकर अंगाशी येते, याचे कारण तिच्या गुणातच आहे. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे आतला विस्तव अगदी लहान असला तरी पुरतो. लहान विस्तवाला हवा थोडीच लागते, आणि थोड्या हवेत थोडेच लाकूड नीट जळू शकते. म्हणून मुठीएवढे दोन, फार तर तीन तुकडे पुरेत. लाकूड चांगले वर्षभर वाळलेले असावे. ते कोळशावर रचण्याऐवजी कोळशातच वेगवेगळ्या जागी पुरावे, म्हणजे विस्तव एकेका तुकड्यापर्यंत सावकाश पोहोचतो. कोळसा पेटल्यावर पहिला पांढरा धूर निघून जाऊ द्यावा. यात अर्धा तास जातो आणि पाहुणे आलेले असले की तो फार मोठा वाटतो, पण त्याला इलाज नाही. माथ्यावरून निघणारा धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला म्हणजे मांस जाळीवर ठेवावे. मी स्वतः वरच्या झडपेवरून हात फिरवून त्याचा वास घेतो; वासाने डोळे चुरचुरले तर आणखी थांबतो. थंड आणि ओलसर मांस धूर चांगला धरते, म्हणून धुराचे खरे काम पहिल्या दीड-दोन तासांतच होऊन जाते आणि त्यानंतर लाकूड घालत राहण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. छाटणीच्या काड्यांचे ढीग बांधावर पडून असतात. त्या धुरीसाठी वापरता येतील का? – एक बागायतदार, तासगाव

प्रश्न मोठा नेमका आहे. फ्रान्समधील बोर्दो भागात द्राक्षवेलीच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजण्याची जुनी रीत आहे आणि त्या भागाला तिचा अभिमानही आहे. मात्र बुरशीनाशक म्हणून आपण जे बोर्डो मिश्रण फवारतो, तेही त्याच गावचे. मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणाचा उपयोग मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये तिथूनच जगापुढे मांडला. ऑक्टोबरची छाटणी असो वा एप्रिलची खरड छाटणी, त्या काड्यांनी त्याआधीचे सगळे महिने फवारे अंगावर घेतलेले असतात. तांबे जळून उडून जात नाही आणि इतर औषधांच्या धुराचे काय होते याचा प्रयोग आपल्या ताटात करू नये. बांधावरच्या काड्या म्हणून वापरू नयेत, असेच माझे मत आहे. शिवाय काडी बारीक असल्यामुळे भुर्रकन जळून जाते. तासन्‌तास चालणाऱ्या धुरीला ती तशीही पुरत नाही.

तुमच्या परसात आंबा, पेरू, चिंच किंवा जांभूळ असेल, तर त्यांच्या वाळलेल्या फांद्या उत्तम. पेरूचा धूर सौम्य असतो आणि कोंबडीला चांगला लागतो. बाभूळ जोरकस असते, म्हणून ती मटणालाच आणि तीही थोडी वापरावी. निलगिरी आणि कडुलिंब मी वापरत नाही. कण्हेर विषारी आहे, तिला हातसुद्धा लावू नये. खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड आणि रंग दिलेले लाकूड यांनाही मनाई समजावी.

प्रश्न : कोळसा कमी घातला तरी ग्रिल २०० अंशांवर जाते आणि मग काही केल्या खाली येत नाही. परदेशी पाककृतींत २२५ अंश लिहिलेले असते, म्हणजे २०० बरोबरच आहे का? – एक वाचक, कऱ्हाड

त्या पाककृतींतील अंश फॅरनहाइटचे असतात. २२५ फॅरनहाइट म्हणजे साधारण १०७ सेल्सिअस, आणि २७५ म्हणजे १३५. मटण धुरावण्याचे काम या दोहोंच्या मध्ये चालते. तुमचे २०० सेल्सिअस असेल, तर ती भट्टी झाली.

आच कोळशाच्या वजनावर ठरत नाही, ती हवेवर ठरते. तुमच्या भागात गुऱ्हाळे आहेत, तेव्हा हे समजायला अवघड नाही : चुलवाणात चिपाड किती रचून ठेवले आहे यापेक्षा तोंडातून किती हवा जाते आणि माणूस किती वेगाने जाळ घालतो यावर काहिलीतला रस उकळतो. ग्रिलमध्ये जाळ घालणारा माणूस नाही, त्याचे काम झडप करते. म्हणून कोळसा भरपूर भरावा, मोठे तुकडे तळाला घालावेत, भुकटी चाळून काढावी, कारण भुकटीने हवेच्या वाटा बुजतात, आणि मधोमध एकाच जागी पेटवावे. दुसरी गोष्ट अशी की, ठरलेल्या अंशांच्या वीस-पंचवीस अंश अलीकडेच दोन्ही झडपा बोटभर फटीवर आणाव्यात. एकदा भिंती तापल्या की त्या निवायला तासभरही लागू शकतो, आणि झाकण उघडून हवा घातली तर तोवर विस्तव आणखी भडकतो. झडपेला हात लावल्यावर पंधरा मिनिटे काहीही करू नये. हे पथ्य सगळ्यांत कठीण आहे.

प्रश्न : झाकण उघडले आणि आगीचा लोळ अंगावर आला. भुवया गेल्या. ग्रिल सदोष आहे का? – एक वाचक, मिरज

ग्रिल निर्दोष आहे. तुमच्या जवळच्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीतील पेवे होती; पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. झडपा बंद केलेल्या ग्रिलमध्येही प्राणवायू संपत आलेला असतो, फक्त इथे आत तापलेला कोळसा आणि जळू शकणारे वायू हवेची वाट पाहत असतात. झाकण एकदम वर केले की ती हवा त्यांना एका दमात मिळते आणि भडका उडतो. आधी झडपा थोड्या उघडाव्यात, मग झाकण दोन बोटे उचलून चार-पाच सेकंद तसेच धरावे आणि नंतर सावकाश उघडावे. तोंड बाजूला ठेवावे आणि सुती पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

प्रश्न : मटण कोरडे आणि चिवट होते. चार तासांनी आतले तापमान ६८ वर अडकले, म्हणून कंटाळून काढले. – एक वाचक, सातारा

तुम्ही फार वाईट वेळी हार मानलीत. त्या सुमारास मांसातील ओलावा पृष्ठभागावर येऊन उडत असतो आणि माठातील पाणी जसे गार राहते तसे मांस स्वतःला थंड करीत राहते. जेवढी उष्णता मिळते तेवढी बाष्पीभवनात जाते. कधी तास, कधी दोन तास काटा हलत नाही. त्यानंतर तो आपोआप चढतो. चिवटपणा असतो तो कोलॅजन या मांसातील प्रथिनाचा, आणि त्याचे मऊ जिलेटीन होण्यासाठी आतले तापमान ९० ते ९५ पर्यंत सावकाश जावे लागते. ६८ अंशांना मटण खाण्यास सुरक्षित झालेले असते, पण मऊ झालेले नसते.

कोरडेपणाचे कारण निराळे आहे. परदेशातील पाककृती बहुतेक डुकराच्या खांद्यासाठी किंवा गोमांसाच्या छातीकडच्या भागासाठी लिहिलेल्या असतात आणि त्या मांसात चरबी भरपूर असते. आपला बोकड मुळात सडसडीत. तेव्हा मागच्या मांडीपेक्षा पुढचा फरा घ्यावा, कारण त्यात कोलॅजन जास्त असते, आणि खाटकाला तो अख्खा ठेवायला सांगावा. इथे थोडी झटापट होते. सत्तूर हातात असलेल्या माणसाला ‘तोडू नका’ म्हणणे म्हणजे त्याच्या कसबाचा अपमान वाटतो. बरोबर थोडी चरबी मागून घ्यावी आणि ती वर अंथरावी. दोन किलोच्या फऱ्याला १२० अंशांवर पाच-सहा तास धरून चालावे, पण शेवटचा शब्द मांसात खुपसलेल्या तापमापीचा. झाकणावरची तापमापी आतली हवा मोजते, मटण नव्हे. काटा अडकला आणि रंग मनासारखा आला की फरा केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून परत ठेवावा. बाष्पीभवन थांबते, वेळ वाचतो आणि रस आतच राहतो. जाळीखाली डिफ्लेक्टर नावाची सिरॅमिकची चकती हवीच, नाहीतर निखाऱ्याची थेट झळ खालून मांस करपवते. काढल्यावर अर्धा तास झाकून ठेवावे.

कांदा-लसूण मसाला आदल्या रात्री मिठाबरोबर चोळला तर चालतो, १२० अंशांना तो जळत नाही. गूळ लावणार असाल तर तोही चालेल, मात्र त्यानंतर झाकण उघडून थेट निखाऱ्यावर भाजू नये, कारण तिथे तो क्षणात काळा होतो.

प्रश्न : मटण पूर्ण शिजले तरी कडेला आत गुलाबी कड दिसते. सासूबाई कच्चे म्हणून खात नाहीत. – एक वाचिका, कोरेगाव

धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि मांसातील मायोग्लोबिन हे रंगद्रव्य यांच्या संयोगाने ती कड येते आणि शिजल्यावरही जात नाही. कच्चेपणा असता तर तो मध्यभागी दिसला असता. सासूबाईंना मधला तुकडा वाढावा.

प्रश्न : ब्रॉयलर कोंबडी धुरावली तर रबरासारखी का लागते? – एक वाचक, वाई

कमी आचेवर कातडीतली चरबी नीट वितळत नाही, म्हणून कातडी रबरासारखी राहते. कोंबडीला १६० ते १७५ अंश ठेवावे आणि मांडीच्या सांध्याजवळ ७४ अंश झाल्याशिवाय काढू नये. कातडी काढून विकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तशी सोललेली कोंबडी धुरीत नुसती वाळते. तेव्हा ती कातडीसह मागावी. गावठी कोंबडी आपण जाळावर भाजून, हळद लावून कातडीसकट घेतो, ती या कामाला जास्त योग्य.

प्रश्न : सदनिकेच्या बंद गॅलरीत ही ग्रिल चालेल का? आणि पावसाळ्यात काय करावे? – एक वाचक, सातारा

गॅलरीत नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि खिडकी उघडी ठेवल्याने भागत नाही. गच्ची किंवा अंगण हवे. पावसात वरच्या झडपेतून पाणी जाऊ देऊ नये. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडले तर तडा जातो. दोन-तीन महिने बंद राहिलेली ग्रिल पहिल्या दिवशी एकदम तापवू नये, तासभर मंद आच देऊन भिंतींतला दमटपणा घालवावा. आतून साबणाने कधीही धुऊ नये, कारण आतली बाजू सच्छिद्र असते आणि तो वास पुढच्या मटणात उतरतो.

प्रश्न : हा प्रकार जपानी की अमेरिकी? – एक विद्यार्थी, सांगली

मूळ जपानी. कामाडो म्हणजे तिकडची चूल, आणि झाकण असलेल्या मुशिकामाडोत भात शिजवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ही भांडी आपल्याबरोबर नेली. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ हे दुकान काढले. मातीच्या ग्रिलना तडे जात, म्हणून पुढे जास्त टिकाऊ सिरॅमिक आले.

प्रश्न : कोळसा रॉकेलने पेटवला तर चालेल का आणि उरलेल्या कोळशाचे काय करावे? – एक वाचक, तासगाव

रॉकेल नको, त्याचा वास सच्छिद्र भिंतीत मुरतो आणि महिनाभर जात नाही. गोडेतेलात भिजवलेला कापसाचा काकडा किंवा नारळाची शेंडी पुरेशी आहे. काम झाल्यावर दोन्ही झडपा पूर्ण बंद केल्या की विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेस वापरता येतो. पेटवण्यापूर्वी तो हलवून राख खाली पाडावी आणि वर नवा कोळसा घालावा. ग्रिल पूर्ण गार झाल्याशिवाय राख काढू नये. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशी सकाळीही जिवंत सापडतो.