कोर्टाने मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी लावली. आता जेलमध्ये भावाचे उपचार सुरू होतील का?

आपोआप नाही, ताई. तुम्ही लिहिलंय की भाऊ कच्चा कैदी आहे, बाहेर असताना मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या, आत त्या मिळतात की नाही कळत नाही, आणि न्यायाधीशांनी तपासणीचा आदेश दिलाय. मी सांगलीत फौजदारी वकिली करतो. अनुभव असा, की डॉक्टर कोर्टाने विचारलं तेवढंच सांगतात.

बहुतेक वेळा विचारलेलं असतं एवढंच: आरोपीला खटला समजतो का, स्वतःचा बचाव करता येईल का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटला कसा चालवायचा त्या कायद्याचं, कलम 367 यासाठीच आहे. गुन्ह्याच्या वेळी मन ठिकाणावर होतं का, हा मुद्दा वेगळा. तो भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या, कलम 22 खाली पुराव्याच्या वेळी निघतो. आणि आत उपचार नीट होताहेत का, हे तर तिसरंच. ते कुणी विचारलंच नाही तर 'खटल्यास सक्षम' असा शेरा येतो आणि गोळ्यांचं घोंगडं भिजत पडतं.

म्हणून वकिलांना वेगळा अर्ज द्यायला सांगा. जेलमध्ये दाखल होतानाची तपासणी, तिथल्या दवाखान्याची नोंदवही, औषधं दिल्याच्या नोंदी, सिव्हिलला नेल्याच्या तारखा, सगळं मागवा. खरी गोम तारखांत असते. एका कागदावर 'मानसोपचार ओपीडीस पाठवावे', आणि पुढच्यावर 'गार्ड उपलब्ध नाही'! तज्ज्ञाने हे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला हवेत, नुसतं भावाशी बोलून भागत नाही. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांवरच्या दाव्यांत तज्ज्ञांनी अख्खी व्यवस्थाच तपासली होती. गर्दीमुळेच उपचार होत नाहीत हे धरून 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या क्षमतेच्या 137.5 टक्क्यांवर आणायचा आदेश कायम केला. आपल्याकडे तेवढं होत नाही. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 103 अर्जात जरूर घाला. मानसिक आजारी कैद्याला उपचारासाठी का हलवलं नाही, हे याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ जेलच्या डॉक्टरांना विचारू शकतं.

भावाला एक सांगून ठेवा: तपासणीचे डॉक्टर त्याचे नेहमीचे डॉक्टर नव्हेत, तो बोलेल ते अहवालात जाऊ शकतं. 367 खालच्या तज्ज्ञाचा निष्कर्ष पटला नाही तर वैद्यकीय मंडळाकडे अपील आहे. त्यात जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे इथे मिरजेचे, मानसोपचाराचे अध्यापक असतात.

डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स मात्र आजच जेल अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.